सागवानाचा मालक कोण?

सागाचे झाड रानात उभे असते तेव्हा ते सरकारचे असते. आडवे पडले की ठेकेदाराचे होते. दार होऊन चौकटीत बसले की घरमालकाचे होते. ज्याच्या कुऱ्हाडीने ते पडले आणि ज्याच्या खांद्यावरून रानाबाहेर आले, त्याचे मात्र ते कधीच नसते. हे निसर्गाने ठरवलेले नाही. हे माणसांनी, कायद्याने आणि सत्तेने ठरवले आहे. जे माणसांनी ठरवले ते माणसे बदलू शकतात, असे आम्ही मानतो. म्हणून या लेखात एका झाडाचा इतिहास मांडतो आहोत.

काही कार्यकर्ते विचारतील, चळवळीचे एवढे प्रश्न पडलेले असताना झाडाचा इतिहास कशाला? आमचे उत्तर असे की गावगाड्यात माणसाची किंमत जमिनीवरून ठरली आणि रानपट्ट्यात ती झाडावरून ठरली. ज्याच्या हाती साग, त्याच्या हाती रान. ज्याच्या हाती रान, त्याच्या हाती तिथल्या माणसांची भाकरी. हे गणित समजले नाही तर वनहक्काची लढाई नुसती अर्ज भरण्याची लढाई होऊन बसते.

झाड आणि त्याचे गुण

साग हे आपल्या मातीतले झाड आहे. सह्याद्रीचे उतार, सातपुडा, मेळघाट, चंद्रपूर-गडचिरोली, डांग, दक्षिणेकडे मलबार आणि पलीकडे ब्रह्मदेश हे त्याचे घर. संस्कृतात त्याला शाक म्हणतात, आपण साग म्हणतो. दक्षिणेतल्या ‘तेक्कु’ या शब्दाचे पोर्तुगिजांनी ‘टेका’ केले आणि इंग्रजांनी ‘टीक’. सुपाएवढे खरखरीत पान, कोवळे पान चोळले की हाताला येणारा तांबडा रंग, पावसाळ्यात शेंड्यावर येणारे पांढऱ्या फुलांचे तुरे, उन्हाळ्यात निष्पर्ण उभा सोट. रानपट्ट्यातल्या मुलाला हे झाड ओळखायला पुस्तक लागत नाही.

त्याची किंमत आहे ती गाभ्यात. गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही. वाळलेले लाकूड फारसे वाकत नाही, फुगत नाही, तडकत नाही. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. ओकच्या लाकडात तो गंजतो. दार, खिडकी, तुळई, खांब, नाव, पलंग, सगळ्याला हे लाकूड चालते. पण ज्यांच्या अंगणात ते उगवले त्यांनी त्याचा वापर आपल्या गरजेपुरताच केला. झोपडीला दोन-चार खांब, औताला एखादा तुकडा, पावसाळ्यात छपरावर आणि इरल्यावर पाने. साग विकून कुणी आदिवासी सावकार झाला, असे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

कार्ल्याचा सुतार

सागाचा फार जुना आणि आजही डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा कुठे आहे? तो कुठल्या राजवाड्यात नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात आहे. चैत्यगृहात उभे राहून वर पाहा. दगडी छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या दिसतील. त्या सागाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षे तिथेच आहेत. जवळच्या भाजे लेण्यातही अशा फासळ्या आहेत. डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरज नव्हती. तरी त्या बसवल्या, कारण लेणी कोरण्याआधी भिक्खूंचे विहार आणि चैत्य लाकडाचे होते आणि तोच आकार दगडात उतरवला गेला. म्हणजे या मुलखातली बौद्ध वास्तुकला आधी सुताराच्या हातून घडली आणि मग पाथरवटाच्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लेण्याच्या शिलालेखांत आहे. कार्ल्याच्या दात्यांमध्ये व्यापारी आहेत, यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी आहे. आणि एक सुतार आहे. धेनुकाकट गावचा सामी, वेणुवासाचा मुलगा. लेण्याच्या दाराचे काम त्याच्या नावावर नोंदले आहे. त्याचा धंदाही लिहिला आहे आणि बापाचे नावही. श्रेष्ठीचे नाव जिथे कोरले, तिथेच हातात वाकस धरणाऱ्याचेही कोरले. ज्या समाजरचनेत हाताने काम करणारा हीन ठरवला गेला, तिच्यात हे घडले नसते. धम्माच्या वास्तूत कारागीर दाता म्हणून उभा राहू शकला. पुढच्या दोन हजार वर्षांत किती वास्तूंवर सुताराचे नाव सापडते, याचा हिशोब आमच्या तरुणांनी जरूर करावा.

त्या काळी सागाचा व्यापारही मोठा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात भडोच बंदरातून इराणच्या आखाताकडे लाकूड जात असल्याचा उल्लेख आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय साग मोठ्या प्रमाणात सापडला. आपल्या रानातले लाकूड जग ओळखत होते. ते तोडणारे हात मात्र जगाला कधी दिसले नाहीत.

आज्ञापत्र आणि वाडा

शिवशाहीच्या राज्यकारभाराची तत्त्वे रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात मांडली आहेत. आरमारासाठी साग-शिसव लागते, ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे. त्यात असा आशय आहे. इथे राज्याला लाकडाची गरज आहे, पण झाडाला रयतेचा धनी आहे हेही राज्याला मान्य आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

त्यानंतरच्या पेशवाईत चित्र पालटले. पुण्याचा शनिवारवाडा १७३० च्या दशकात उभा राहिला. त्यासाठी जुन्नरच्या रानातून साग आणल्याचे सांगितले जाते. वाड्यांचे खांब, तुळया, कोरीव महिरपी पाहून आजही लोक हरखतात. पण हे लाकूड आले कसे, याची चर्चा होत नाही. त्या काळात लाकूडफाटा आणि गवत वेठीने पोचवणे हे महारांच्या कामांत धरले जाई. किल्ल्यांवर सरपण चढवणे हेही त्यातच. ज्याच्या पाठीवरून लाकूड आले त्याची सावलीही त्या शहरात विटाळ मानली गेली. १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि सागाचा तो सगळा थाट जळून गेला. दगडी जोते राहिले. वेठही राहिली. तिने फक्त मालक बदलला.

गोदीतली जहाजे

इंग्लंडमध्ये युद्धनौका ओकच्या लाकडाच्या बांधत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला ओक कमी पडू लागला आणि फ्रान्सशी युद्ध तर चालूच होते. तेव्हा इंग्रजांची नजर सागावर गेली. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले होते. त्यांच्या घराण्याने पुढे दीड शतक जहाजे बांधली. १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ मध्ये ‘त्रिंकोमाली’. ही सगळी सागाची होती. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे, लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीनला हाँगकाँग इंग्रजांना द्यावे लागले. आपल्या रानातले झाड दुसऱ्या देशाला गुलाम करायला कसे वापरले गेले, त्याचा हा दाखला.

या जहाजांसाठी लाकूड मिळवायचे म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन याला जंगलांचा रक्षक नेमले. नाव रक्षक, काम सागाचा मक्ता. मलबारातल्या सागावर कंपनीचा हक्क जाहीर झाला. तिथले जमीनमालक, व्यापारी आणि शेतकरी इतके संतापले की १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांना हे पद रद्द करावे लागले. पुढे १८४० च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड सुरू झाली. तिथल्या जुन्या लागवडीला आजही कलेक्टर कॉनोलीचे नाव आहे. खड्डे खणणाऱ्यांची नावे नाहीत.

आपल्या नाशिकला लागून असलेल्या डांगातही हेच घडले. १८४२ मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल प्रमुखांकडून सागतोडीचा हक्क भाडेपट्ट्याने घेतला. वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची आणि रान घ्यायचे. भाडेपट्टा गेला, इंग्रज गेले, डांगचा साग सरकारी राहिला. भिल्ल राजांना दरवर्षी आहव्याच्या डांग दरबारात मानधन आणि मानपान मिळतो. म्हणजे पूर्वजांनी रान दिले आणि वंशजांना आठवण म्हणून हार मिळतो.

कायद्याची कुऱ्हाड

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. रुळाखाली स्लीपर लागतात आणि स्लीपरला टिकाऊ लाकूड लागते. साग, साल आणि देवदार यांच्यावर कुऱ्हाड चालली ती या काळात. आणि मग जंगल संपते आहे, ते वाचवायला हवे, असे म्हणत सरकारनेच कायदे आणले. पहिला १८६५ चा. दुसरा, खरा कडक, १८७८ चा. त्याने रानाचे तीन भाग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव रानात लोकांचे हक्क जवळजवळ संपले. संरक्षित रानात ते सरकारच्या मर्जीवर राहिले. ग्रामवनाची तरतूद बहुतेक कागदावरच राहिली. मद्रास सरकारने या धोरणाला विरोध करून सांगितले होते की आमच्याकडच्या जवळजवळ सर्व रानांवर गावांचे हक्क आहेत. तो आवाज दाबला गेला. मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन ही झाडे शेतकऱ्याच्या वहिवाटीतल्या जमिनीवरसुद्धा सरकारी म्हणून राखली गेली. आज्ञापत्रातला फरक आठवा. तिथे झाडाला रयतेचा धनी होता. इथे रयतेच्या जमिनीवरच्या झाडालाही सरकारच धनी.

या कायद्यामागचे कारस्थान त्याच काळात एका माणसाने ओळखले होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर आसूड ओढला. त्यांचा मुद्दा साधा होता. थोडी जमीन असलेला कुणबी पूर्वी जवळच्या रानातली फळे, पाने, फुले, सरपण आणून आणि चार जनावरे राखून कसाबसा जगत होता. सरकारने डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी आणि गायराने सगळी जंगलखात्यात घातली आणि त्याचा तो आधार काढून घेतला. फुल्यांनी या खात्याकडे झाडांचे प्रकरण म्हणून पाहिले नाही, भाकरीचे प्रकरण म्हणून पाहिले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये सरकारला जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कायदा जिथल्या तिथे राहिला, आणि १९२७ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. तोच भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे.

काही पर्यावरणवादी म्हणतात, कायदा होता म्हणून जंगल वाचले, नाहीतर लोकांनी सगळे तोडून खाल्ले असते. आम्ही त्यांना एवढेच विचारतो: गोदीची जहाजे कुणी बांधली? रुळांखालचे स्लीपर कुणाच्या झोपडीत लागले होते? हजारो वर्षे लोक रानात राहिले आणि रान उरले, म्हणून तर इंग्रजांना तोडायला साग सापडला.

१९३० साल

१९३० हे वर्ष नीट लक्षात ठेवा. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी रायगड जिल्ह्यातल्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या रानात पोलिसांनी गोळीबार केला. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी आहे, रघुनाथ मोरेश्वर न्हावी आहे, कोळी आहेत, आगरी आहेत. मोर्चाच्या पुढाऱ्यांचे पुतळे झाले. नाग्याचे नाव आदिवासी कार्यकर्त्यांनी जिद्दीने जागे ठेवले म्हणून टिकले.

त्याच १९३० मध्ये, २ मार्चला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. म्हणजे ज्या वर्षी एका बाजूला रानात शिरण्याच्या हक्कासाठी माणसे गोळ्या खात होती, त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला आमचे पूर्वज मंदिराच्या दारात उभे राहून माणूस म्हणून ओळख मागत होते. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे तिथेच राहणाऱ्या माणसालाच परका ठरवले होते. या वर्षाचा आणि आजच्या कायद्याचा एक धक्कादायक संबंध आहे, तो पुढे येतो.

सरकारी मालकी म्हणजे लोकांची मालकी?

एक युक्तिवाद आमच्याच लोकांकडून ऐकायला मिळतो. बाबासाहेबांनी तर १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन राज्याच्या मालकीची असावी असे म्हटले होते, मग जंगल सरकारचे असले तर काय बिघडले?

हा युक्तिवाद अर्धवट वाचनातून येतो. बाबासाहेबांनी राज्याकडे जमीन द्यायला सांगितली ती कशासाठी? गावकऱ्यांना जात-धर्म न पाहता ती सामुदायिक शेतीसाठी मिळावी, कुणी जमीनदार नको, कुणी कूळ नको आणि कुणी भूमिहीन मजूर नको, यासाठी. राज्य हे तिथे साधन होते, कसणाऱ्याला जमिनीशी जोडण्याचे. जंगलखात्याची मालकी बरोबर उलटी आहे. तिने रानातल्या माणसाला रानापासून तोडले. इथे खातेच जमीनदार झाले, आदिवासी मजूर झाला आणि दलित अतिक्रमणधारक. वनखात्याने वसवलेली वनग्रामे पाहा. ती कशाला वसवली? तोडीला आणि लागवडीला हुकमी मजूर हाताशी असावेत म्हणून. राहायला जागा दिली, पण मालकी दिली नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध उठाव केला. त्या लढ्यात रानातल्या तोडीच्या मजुरीचा प्रश्नही होता. त्याच सुमारास मुंबई प्रांतात ठेकेदार हटवण्यासाठी जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. कूप सोसायटीला मिळू लागले. पाऊल चांगले होते. पण लाकडाची मालकी खात्याकडेच राहिली, सोसायटीच्या वाट्याला तोडीचे काम आले.

आंबेडकरी चळवळीने हा प्रश्न सोडून दिला नव्हता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक जमीन, गायरान, रानातली कसण्याजोगी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी होती. लोकांनी तुरुंग भरले. आजच्या तरुणाला या सत्याग्रहाची तारीखसुद्धा माहीत नसते, ही खरी खंत आहे.

सागच साग

१९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगल साफ करायचे आणि तिथे साग लावायचा, हे त्याचे मोठे काम राहिले. हिशोबाच्या वहीत हे योग्य दिसते, कारण साग विकला जातो. पण मिश्र रानात मोह असतो, तेंदू असतो, चार असते, हिरडा-बेहडा असतो. मोहाची फुले उन्हाळ्यात घर चालवतात. सागाला ढोर तोंड लावत नाही. त्याच्या पानाफुलावर माणसाचे पोट भरत नाही. म्हणजे ज्या झाडाचे उत्पन्न बाईच्या टोपलीत पडत होते ते गेले आणि ज्याचे उत्पन्न लिलावात पडते ते आले. झारखंडच्या सिंहभूममध्ये १९७८ मध्ये आदिवासींनी हाच मुद्दा उचलला होता. साल तोडून साग लावायला त्यांनी विरोध केला. त्यांचे वैर झाडाशी नव्हते. कुणाच्या पोटासाठी कोणते झाड, हा त्यांचा प्रश्न होता.

२०२३ मध्ये नव्या संसद भवनात नागपूरचे सागवान वापरल्याचे अभिमानाने सांगितले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान मिरवणुकीने रवाना झाले. लाकडाची पूजा झाली, लाकडावर फुले पडली. ज्या रानातून ते आले तिथल्या किती माणसांच्या वनहक्काच्या दाव्यांचा निकाल लागला, हे मात्र त्या मिरवणुकीत कुणी विचारले नाही.

पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

आता आजच्या कायद्याकडे येऊ. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या प्रस्तावनेतच मान्य करतो की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. या कायद्याने गौण वनोपजाची मालकी लोकांना दिली. बांबू त्यात आला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. १९२७ चा कायदा ज्या बांबूला झाड म्हणत होता, तो लोकांच्या लढ्यामुळे गौण वनोपज ठरला. म्हणजे व्याख्या बदलता येतात.

पण त्याच कायद्यात एक शब्द आहे: इमारती लाकूड सोडून. साग या शब्दाच्या पलीकडे राहिला. रानाची राखण ग्रामसभेने करायची, वणवा तिने विझवायचा, चोर तिने पकडायचा, आणि साग तयार झाला की मालक दुसराच. आमची मागणी स्पष्ट आहे: सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेच्या क्षेत्रातून निघणाऱ्या इमारती लाकडाच्या उत्पन्नावर ग्रामसभेचा कायदेशीर हक्क असला पाहिजे. ती कुणाची कृपा असता कामा नये.

दुसरा मुद्दा थेट आमच्या लोकांचा आहे. हा कायदा दोन प्रकारचे वननिवासी मानतो. एक अनुसूचित जमाती, दुसरे इतर पारंपरिक वननिवासी. पूर्व विदर्भातल्या रानपट्ट्यातले बौद्ध, ढिवर आणि इतर बहुजन या दुसऱ्या गटात येतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहत असल्याचे दाखवावे लागते. वजाबाकी करा. १३ डिसेंबर १९३० येते. तेच साल. चिरनेरचे साल, काळारामचे साल. ज्या वर्षी आमच्या आजोबा-पणजोबांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, शाळेत वेगळे बसवले जात होते, ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, त्यांच्याकडून त्या वर्षीचा पुरावा मागितला जातो. आपल्याकडे लावलेला साग तोडीला यायला साधारण ६० ते ८० वर्षे लागतात. म्हणजे एक साग पिकेपर्यंत आमची किती पिढी तिथे राबली, हे आम्हीच सिद्ध करायचे. झाडाच्या वयाची नोंद खात्याकडे असते. झाड लावणाऱ्याची नसते.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना रानातून काढण्याचा आदेश दिला तेव्हा देशभर लाखो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. धोका गेलेला नाही.

काय करायचे?

नुसता संताप उपयोगाचा नाही. कायदा वाचा. कायद्यात आमच्या कामाच्या गोष्टी आहेत आणि त्या आमच्याच लोकांना कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट: ७५ वर्षांची अट राहण्याची आहे. एखादा विशिष्ट तुकडा ७५ वर्षे कसल्याचा पुरावा मागणे चूक आहे. जमिनीच्या ताब्यासाठी तारीख आहे १३ डिसेंबर २००५. अनेक दावे या गोंधळातच फेटाळले जातात.

दुसरी: पुरावा म्हणजे फक्त सातबारा नव्हे. नियमांत गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे, निस्तार पत्रक यांसारख्या सरकारी नोंदी आहेत, जुनी घरे, विहिरी, स्मशानभूमी अशा खुणा आहेत आणि वयोवृद्धांचे लेखी जबाबही आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. एखादाच ठरावीक कागद हवा, असा आग्रह वरच्या समित्यांना धरता येत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत तसे स्पष्ट म्हटले आहे.

तिसरी: गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांचे जबाब आजच लिहून घ्या. कोणत्या कुपात कुणी तोड केली, कोणत्या लागवडीला कुणी खड्डे खणले, मजुरी काय मिळाली, वेठीला कोण गेले, हे सगळे. त्यांच्याबरोबर पुरावा जातो आहे.

चौथी: आदिवासी आणि बौद्ध यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव ओळखा. त्यांना पट्टा मिळाला, तुम्हाला नाही, असे सांगून भांडण लावले जाते. ग्रामसभा एक आहे, रान एक आहे, हिरावून घेणाराही एकच आहे.

कार्ल्याच्या दारावर सामी सुताराचे नाव कोरले गेले, कारण त्या काळी कुणीतरी ठरवले की हाताने घडवणाऱ्याचेही नाव लागले पाहिजे. आमच्या म्हाताऱ्यांची नावे दगडात कोरायला आमच्याकडे लेणी नाहीत. ग्रामसभेचे रजिस्टर आहे. पुढच्या ग्रामसभेत ती नावे त्या रजिस्टरात लागली पाहिजेत. एवढे काम आम्ही करू शकतो, आणि ते आम्हालाच करावे लागेल.

जयभीम!